स्पर्धा परीक्षेचा अभ्यास : काय धरावे, काय सोडावे

या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी हा विषय सुचविला तेव्हा मी त्यांना म्हणालो की, ही परीक्षा मी स्वतः कधी दिलेली नाही. माझे आयुष्य महाविद्यालयात इतिहास शिकविण्यात गेले. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच आपल्याकडे आलो. पास झालेल्यांची व्याख्याने आमच्या श्रोत्यांनी पुष्कळ ऐकली आहेत." बोलण्यात थोडा खोचकपणा होता, पण मुद्दा खरा होता. गेली वीसेक वर्षे मुले उत्तरे लिहून आणतात आणि मी ती लाल शाईने रंगवून परत करतो, एवढाच माझा या विषयातला अधिकार. जी मुले पास होतात ती पेढे देऊन जातात. जी होत नाहीत ती पुन्हा वह्या घेऊन येतात. साहजिकच माझा सहवास दुसऱ्या प्रकारच्या मुलांशी अधिक घडला आहे. आज समोर पाहतो तर परीक्षार्थी थोडे आणि त्यांचे आईवडील अधिक दिसतात. तेव्हा थोडे मुलांशी आणि थोडे तुमच्याशी बोलेन.

प्रथम ही परीक्षा आली कोठून ते पाहू. इतिहासाच्या मास्तराला एवढी सवलत असावी. कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदुस्थानातल्या मोठ्या जागा लंडनच्या संचालकांच्या वशिल्याने भरल्या जात. १८५३ च्या सनदी कायद्याने हा वशिला मोडला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १८५४ साली अहवाल दिला आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली. समितीचे म्हणणे थोडक्यात असे की, उमेदवाराचे सामान्य शिक्षण किती पक्के आहे ते पाहावे. कामकाज मागाहून शिकविता येते. हे सूत्र आजही या परीक्षेच्या मुळाशी आहे, आणि आमची मुले नेमके तेच विसरतात. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा पास झाले, ते पहिले हिंदी गृहस्थ. पण दार उघडे दिसले तरी उंबरा फार उंच होता. परीक्षा लंडनलाच होई, आणि वयाची कमाल मर्यादा जी आरंभी २३ वर्षे होती ती उतरत उतरत १८७८ पासून १९ वर आणून ठेवली गेली. मिसरूड फुटण्याच्या वयात समुद्र ओलांडून परक्या भाषेत गोऱ्या मुलांशी टक्कर द्यावयाची, अशी ती अट. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी या अटीविरुद्ध १८७७ साली देशभर दौरा काढला. परीक्षा विलायतेप्रमाणे हिंदुस्थानातही व्हावी म्हणून दादाभाई नौरोजी झगडले. १८९३ साली कॉमन्स सभेने तसा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. अखेर १९२२ साली अलाहाबादेस परीक्षा झाली. तिच्या चारच वर्षे आधी, १९१८ साली, आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख लंडनच्या परीक्षेत पहिले आले होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

ही हकीकत सांगितली ती एका विलक्षण उलटापालटीकडे लक्ष वेधण्यासाठी. आमच्या आजोबा-पणजोबांची तक्रार होती की वयाची मर्यादा फार कमी आहे. आज संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या वर्गातील उमेदवार २१ पासून ३२ वर्षांपर्यंत बसू शकतो आणि त्याला सहा संधी मिळतात. इतर मागासवर्गीयांस मर्यादा ३५ वर्षे व नऊ संधी. अनुसूचित जाती-जमातींस ३७ वर्षे, आणि त्या वयापर्यंत संधींची मोजदाद नाही. ही उदारता योग्यच आहे. खेड्यातून उशिरा वर आलेल्या मुलाला, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या मुलीला तिचा उपयोग होतो. परंतु जे दार लवकर बंद होते त्याच्यापाशी माणूस रेंगाळत नाही. जे दहा-अकरा वर्षे उघडे राहते त्याच्या पायरीवर बसून राहण्याचा मोह होतो. वयाची मर्यादा सरकारने घातली आहे. तिच्या आतली आपली मर्यादा आपणच घालावयाची असते, आणि ती घालण्याची वेळ अभ्यासाच्या आरंभीची आहे. शेवटी ती घालता येत नाही. का, ते पुढे सांगतो.

आता परीक्षेचे स्वरूप. १९७९ पासून ती तीन टप्प्यांत होते : पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. पूर्व परीक्षेत दोन पेपर, दोन्ही बहुपर्यायी. दुसरा पेपर आकलन व अंकगणिताचा. त्यात ३३ टक्के गुण मिळविले की पुरे. पुरे खरे, पण तेवढेही न मिळाल्यामुळे पहिल्या पेपरात उत्तम गुण असलेली मुले घरी बसलेली मी पाहिली आहेत. कला शाखेच्या मुलांनी गणिताची भीती बाळगून तो पेपर शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. खरी चाळणी लावतो तो पहिला पेपर : दोन तास, १०० प्रश्न, २०० गुण, आणि चुकलेल्या उत्तरास एकतृतीयांश गुण वजा.

या वजाबाकीविषयी मुलांत नाना समजुती आहेत. एक म्हणतो, येईल तेवढेच सोडवावे. दुसरा म्हणतो, एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पाटीपेन्सिल घेऊन हिशेब करू. प्रश्नाला दोन गुण, पर्याय चार. डोळे मिटून ठोकून दिले तर चारांत एकदा दोन गुण मिळणार आणि तीनदा दोनतृतीयांश गुण जाणार. म्हणजे मिळाले दोन, गेले दोन, हाती शून्य. पण चारांपैकी एक पर्याय खात्रीने चूक आहे एवढे कळले, तर तीनदा ठोकून सरासरी पाऊण गुणाहून थोडे कमी, म्हणजे दरवेळी साधारण पाव गुण पदरात पडतो. दोन पर्याय बाद करता आले तर दरवेळी दोनतृतीयांश गुण. तेव्हा "येत नाही" या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. काहीच ठाऊक नाही तो प्रश्न सोडावा. अर्धे ठाऊक आहे तो सोडू नये. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या सोडविताना बरोबर-चूक मांडण्याबरोबरच कोणते उत्तर खात्रीने दिले, कोणते अर्ध्या माहितीवर आणि कोणते नुसते ठोकून, याची निराळी खूण करावी. दहा प्रश्नपत्रिकांनंतर आपले अंदाज कितपत खरे ठरतात ते स्वतःलाच दिसते. माझ्या पाहण्यात एक मुलगी होती, तिचे अर्ध्या माहितीवरचे अंदाज निम्म्याहून अधिक खरे निघत आणि तरी ती भिऊन तीस-तीस प्रश्न कोरे ठेवी. तिला ज्ञान कमी नव्हते, स्वतःचा हिशेब माहीत नव्हता.

पूर्व परीक्षेचे गुण पुढे धरले जात नाहीत. ती फक्त दार उघडते. मुख्य परीक्षेत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे प्रत्येकी २५० गुणांचे सात पेपर, मिळून १७५०. त्यात मुलाखतीचे २७५ मिळविले की २०२५, आणि यावरूनच अंतिम यादी लागते. शिवाय इंग्रजी आणि एक भारतीय भाषा यांचे ३०० गुणांचे दोन पेपर आहेत. त्यांत २५ टक्के मिळविले की झाले. मराठी मुलांना विशेष सांगावयाचे ते हे की, मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. मात्र प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते. म्हणजे वाचावयाचे एका भाषेत, लिहावयाचे दुसऱ्या भाषेत. इंग्रजी अजिबात टाळून मराठीचा आसरा घेऊ पाहणाऱ्याची येथे फसगत होते. संदर्भाचे बरेच साहित्य इंग्रजीत आहे, ते वाचून आपल्या मराठीत मांडण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. ते कष्ट घेणाऱ्याची मराठी पुष्कळदा फार चांगली होते.

सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात वीस प्रश्न : दहा प्रश्नांस १५० शब्द, दहांस २५०. म्हणजे तीन तासांत चार हजार शब्द. विचार करण्यास एक क्षणही न थांबता लिहिले तरी मिनिटास बावीस शब्द पडतात. आणि असे दोन-दोन पेपर एका दिवशी. जो मुलगा वर्षभर नुसता वाचतो आणि रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करतो, त्याच्या हाताला हे काम माहीतच नसते. मी मुलांना सांगतो की, पहिल्या महिन्यापासून रोज एक उत्तर नऊ मिनिटांत लिहा, घड्याळ लावून. त्यावर उत्तर ठरलेले : "सर, अजून वाचन पुरे झालेले नाही." वाचन कोणाचेच कधी पुरे होत नसते.

आणि लिहिणे म्हणजे काय, त्याचेही एक उदाहरण देतो. मी एकदा प्रश्न घातला : महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेमुळे ग्रामीण भागात टिकाऊ मालमत्ता निर्माण झाली काय, याची चर्चा करा. अकरा वह्या आल्या. त्यांतल्या आठांत १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांचे नाव, १९७७ चा कायदा, मग २००५ चा केंद्रीय कायदा, अशी सगळी वंशावळ ओळीने आली होती. एकही सन चुकला नव्हता. प्रश्न मालमत्तेविषयी होता, त्याला शेवटच्या दोन ओळी मिळाल्या होत्या. एका मुलाने मात्र पहिल्याच वाक्यात सांगितले की, काही ठिकाणी झाली, पुष्कळ ठिकाणी नाही. पुढे त्याने पाझर तलाव आणि बांध यांची गोष्ट काढली. खडी फोडण्याच्या कामातून मजुरी मिळाली पण मागे काही उरले नाही, हे लिहिले. १९९० च्या सुमारास फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली तेव्हा शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात झाडे उभी राहिली, हा फरक दाखविला. सनावळ्या त्याच्या उत्तरात दोनच होत्या. वडील दुष्काळात खडी फोडण्यास गेले होते, म्हणून त्याला ते सुचले असे तो म्हणाला. मेकॉलेच्या समितीला जे सामान्य शिक्षण अभिप्रेत होते ते याहून फार निराळे नसावे. जे वाचले त्यापैकी प्रश्नाला लागेल तेवढेच उचलावयाचे आणि बाकीचे, पाठ असले तरी, खाली ठेवावयाचे.

पुस्तकांचेही तेच. बाजारात एकेका विषयावर दहा-दहा पुस्तके आहेत, शिवाय मासिके, छापील नोट्स आणि मोबाईलवर चोवीस तास चालणारी व्याख्याने. शालेय पाठ्यपुस्तके, राज्यघटना, अर्थव्यवस्था, आधुनिक भारताचा इतिहास व भूगोल यांवर प्रत्येकी एकेक प्रमाण ग्रंथ, एक चांगले दैनिक आणि जुन्या प्रश्नपत्रिका, यांत पूर्व परीक्षेचा बहुतेक संसार आटोपतो. चार पुस्तके एकेकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक चारदा वाचावे, हा सल्ला जुना आहे. पण पाळताना जीव कासावीस होतो, कारण अभ्यासिकेत शेजारी बसलेल्याच्या टेबलावर पाचवे पुस्तक दिसत असते.

राज्याच्या आयोगाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग १९६० साली राज्याबरोबरच अस्तित्वात आला. त्याची राज्यसेवा मुख्य परीक्षा काही वर्षे बहुपर्यायी होती. ती वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, त्यावर पुण्यात मुलांनी मोठे आंदोलन केले, आणि तो २०२५ पासून अमलात आणावयाचे ठरले. बदल एकाएकी लादू नये ही मुलांची मागणी मला रास्त वाटली; बदल मात्र चांगला आहे. आता दोन्ही परीक्षांस एकाच प्रकारची तयारी चालते. ज्याला लिहिता येते त्याची मेहनत एका ठिकाणी वाया गेली तरी दुसरीकडे कामास येते.

यापुढचे बोलणे आईवडिलांशी आहे.

२०२४ च्या केंद्रीय परीक्षेचे आकडे आयोगाने प्रसिद्ध केले आहेत. अर्ज आले ९,९२,५९९. पूर्व परीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीस २,८४५ आणि अखेर निवड झाली १,००९ जणांची. त्यांतही ज्याला आपण कलेक्टर म्हणतो त्या भारतीय प्रशासकीय सेवेच्या जागा १८० होत्या. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांपैकीही दर तिघांतले जवळजवळ दोघे परत आले. हे आकडे भीती घालण्यासाठी सांगत नाही. पावणेसहा लाखांपैकी बरेच जण हौसेने बसलेले असतात, हे मला मान्य आहे. पण शेवटच्या गाळणीतले ते १,८३६ हौसेचे नव्हते. त्यांनी सर्व काही बरोबर केले होते आणि तरी त्यांचे नाव यादीत नव्हते.

त्यांचे पुढे काय होते? त्या परीक्षेचा निकाल २२ एप्रिल २०२५ रोजी लागला आणि पुढची पूर्व परीक्षा २५ मे रोजी होती. मध्ये तेहतीस दिवस. मुलाखतीहून परत आलेला मुलगा रडून मोकळा होण्याआधीच पुन्हा शंभर प्रश्नांपुढे जाऊन बसतो. आणि मागच्या वर्षीची शिल्लक या परीक्षेत पुढे ओढली जात नाही. मुख्य परीक्षेत कितीही गुण मिळवलेले असोत, पुढच्या साली खाते शून्यापासून. घरच्यांना वाटते, गेल्या वेळी मुलाखतीपर्यंत गेला, यंदा पाऊलभरच उरले. ते पाऊलभर नसते. तो सगळा रस्ता पुन्हा चालावयाचा असतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझा एक विद्यार्थी चौथ्या खेपेस मुलाखतीपर्यंत गेला आणि परत आला. मला भेटावयास आला तेव्हा म्हणाला, "सर, थांबावे म्हणतो. बहिणीचे लग्न राहिले आहे." मी म्हणालो, "अरे, एवढ्या जवळ येऊन थांबतोस?" माझ्या शब्दाखातर तो थांबला नाही. पाचव्या वेळी तो पूर्व परीक्षेतच गेला, सहाव्या वेळीही. आज तालुक्याच्या गावी त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि ते चांगले चालते. पण ते दोन वर्षे आधी सुरू झाले असते. भेटला की अजून वाकून नमस्कार करतो. तेव्हा माझा हात आशीर्वादासाठी चटकन वर जात नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, पहिला अर्ज भरण्यापूर्वी घरात एकदा बसून तीन गोष्टी ठरवाव्यात : वर्षे किती, पैसे किती, आणि न जमल्यास पुढे काय. माझ्या मते दोन वर्षे मन लावून अभ्यास आणि तीन प्रयत्न ही बहुतेकांस पुरेशी मर्यादा आहे. ज्याची पूर्व परीक्षा तीनदा निघाली नाही त्याने थांबावे. ज्याची मुख्य परीक्षा थोड्या गुणांनी गेली त्याने हाताला काही काम धरून आणखी एकदा बसावे. अर्ज भरून परीक्षेस गेले नाही तर संधी मोजली जात नाही, पण पूर्व परीक्षेच्या एका पेपरला बसले तरी ती मोजली जाते. तेव्हा "अनुभवासाठी" म्हणून पहिली संधी उधळू नये. मुलींच्या बाबतीत तर घरचे लोक ही मर्यादा न विचारता स्वतःच ठरवून टाकतात, आणि ती बहुधा एका वर्षाची असते. भावाला चार वर्षे आणि बहिणीला एक, हा हिशेब मला कधी समजला नाही.

पैशांविषयीही बोलावे. पुण्याला सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला एका खोलीत चार-चार कॉट टाकून आपली मुले राहतात. खोलीचे भाडे, खानावळ, अभ्यासिकेतल्या खुर्चीचे भाडे आणि क्लासची फी. मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने मला वहीतला हिशेब दाखविला होता. दरसाल सोयाबीन विकून जे हाती येई त्यातला निम्म्याहून अधिक भाग मनिऑर्डरीच्या जागी आता मोबाईलवरून पुण्यास जात होता. तो कुरकुरत नव्हता. त्याने मला एवढेच विचारले, "साहेब, पोरगं शिकतंय का नुसतं बसतंय, हे आम्हाला कसं कळावं?" मी त्याला सांगितले ते तुम्हालाही सांगतो : मुलगा किती तास बसतो ते विचारू नका, या आठवड्यात किती उत्तरे लिहिली आणि ती कोणी तपासली ते विचारा. वही पाहावयास मागा. अक्षरओळख नसलेल्या आईलाही कोरे पान आणि भरलेले पान यांतला फरक दिसतो.

क्लास लावावा की नाही, हे मला नेहमी विचारतात. ज्याला शिस्त आणि सोबत हवी त्याला उपयोग होतो. पण जाहिरातीतले फोटो पाहून लावू नये. एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो तीन-तीन ठिकाणी झळकतो, कारण एकीकडे त्याने नुसती सराव-मुलाखत दिलेली असते. आपण तरी याच सभागृहात सत्कार कोणाचे करतो? निवड झालेल्यांचे. ते सांगतात, मी चौदा तास अभ्यास केला. चौदा तास अभ्यास करून ज्यांची निवड झाली नाही, त्यांना आपण व्यासपीठावर बोलावीत नाही. मग चौदा तासांचा आणि यशाचा संबंध किती, हे कळणार कसे? नव्याने अभ्यासास लागणाऱ्या मुलाने एका पास झालेल्याला भेटावे आणि दोन थांबलेल्यांना भेटावे. थांबलेली माणसे फार मोकळेपणाने बोलतात.

राहता राहिला प्रश्न गावात राहून अभ्यास होतो की नाही याचा. मुख्य परीक्षेपुरते पुण्यास किंवा दिल्लीस गेल्याने फायदा होतो. निदान तपासून देणारे भेटतात. पण पूर्व परीक्षेचे पहिले वर्ष येथे, आपल्या गावी, सहज काढता येते. पुस्तके तीच, प्रश्नपत्रिका त्याच, आणि घरचे जेवण. अडचण एकच आहे. घरी पाहुणे, टीव्ही, लहान भावंडे; मुलीच्या मागे तर स्वयंपाकाचीही हाक. बसावयास शांत जागा नसते, आणि म्हणून मुले गाव सोडतात. आपल्या सार्वजनिक वाचनालयात वरच्या मजल्यावर जुन्या नियतकालिकांची खोली आहे. तिथे चाळीस खुर्च्या मावतील, हे मी परवा जाऊन पाहून आलो. वाचनालय संध्याकाळी साडेसातला बंद होते. वाचनालयाचे अध्यक्ष आणि दोन विश्वस्त येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. ती खोली पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्यास एका शिपायाचा पगार आणि विजेचे बिल एवढा खर्च येईल. वह्या तपासण्यासाठी दर रविवारी सकाळी मी येऊन बसेन.